चालक दोन

१

रोज सकाळी गाडीत बसण्याचा एक क्रम होता आणि तो कुणी ठरवलेला नव्हता.

आधी बाबा. ते दाराशी पोचले की कुलूप आपसूक टक करून उघडे, कारण चावी त्यांच्या शर्टाच्या खिशात असे. चावी म्हणायचं ते आपलं सवयीनं. तिला ना पातं, ना दाते. साबणाची वडी झिजून झिजून शेवटी उरते ना, तेवढा काळा तुकडा. तो खिशातून काढावाही लागत नसे. दार उघडलं की ड्रायव्हरची सीट घुर्र करत मागे सरके आणि बाबांच्या लांब पायांना जागा करून देई. बाहेरचे आरसे मान जराशी वर करत. समोरच्या छोट्या पडद्यावर अक्षरं उमटत : सुप्रभात, चालक एक.

मग मुलगी मागे बसे, डाव्या खिडकीशी. पुढची सीट मोकळी असली तरी ती मागेच बसे. दप्तराला छातीवरून लावायचा एक पट्टा होता. त्याचं प्लॅस्टिकचं बक्कल ती सोडवी, दप्तर मांडीवर घेई आणि मग गाडीचा पट्टा लावी. बाबा ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबत. गाडी सुरू झाली हे आवाजावरून कळतच नसे, पडद्यावरून कळे. शाळेपर्यंत दोघं काही बोलत नसत, आणि त्याचं दोघांनाही काही वाटत नसे.

त्या दिवशी बाबांनी दार उघडलं आणि सीट घुर्र करत पुढे आली.

बाबा अर्धे वाकून आत शिरत होते, ते तसेच थांबले. सीट पुढे सरकत राहिली, पार स्टिअरिंगला भिडेपर्यंत, एखाद्या बुटक्या माणसाला लागते तितकी. आरसे खाली झुकले. पडद्यावर अक्षरं आली : सुप्रभात, चालक दोन.

चालक दोन म्हणजे आई. आई जाऊन एक अख्खा हिवाळा सरला होता.

"हं," बाबा म्हणाले. दुकानात गिऱ्हाइकाची गाडी बघताना म्हणत तसंच. त्यांचं चाव्यांचंच दुकान होतं. गाड्यांच्या हरवलेल्या, भिजलेल्या, वॉशिंग मशीनमधून धुऊन निघालेल्या चाव्या ते नीट करत. "म्हणजे तिची चावी गाडीतच पडलीय कुठेतरी. दोन चाव्या जवळ असल्या की गाडी गोंधळते. जिचा आवाज आधी ऐकू येईल तिला मालक मानते."

त्यांनी सीटखाली हात घातला, पायपुसणी उचलली, मागचा कप्पा रिकामा केला. केसांची एक पिन मिळाली. कापसाचा एक बोळाही मिळाला. आई एका प्रयोगशाळेसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घ्यायची, तिच्या सामानातला असणार. चावी मिळाली नाही.

"गंमत आहे," बाबा हात झटकत म्हणाले. "जगाच्या चाव्या मी शोधून देतो."

मुलगी एव्हाना मागे जाऊन बसली होती. आईची चावी तिच्या मांडीवरच्या दप्तरात होती, कंपासपेटीत, कोनमापकाखाली.

पण ती बोलू शकणारी चावी नव्हती. तिच्या पोटात सेलच नव्हता.

२

गाडी चावीला कशी ओळखते हे मुलीला पाढ्यांच्या आधीपासून पाठ होतं. शाळा सुटल्यावर ती दुकानात स्टुलावर बसून अभ्यास करायची आणि बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच, त्याच शब्दांत सांगायचे.

"गाडी दबक्या आवाजात विचारत असते, कोण आहे? तो आवाज हातभरच पोचतो. चावी तोवर झोपलेली असते. प्रश्न कानावर पडला की ती जागी होते आणि उत्तर देते. उत्तर दर वेळी नवं असतं, पण ते बनवायची रीत दोघींनाच ठाऊक. उत्तर जुळलं की दार उघडतं. तुम्ही आत बसलात की गाडी पुन्हा विचारते, आत कोण आहे? तिथंही उत्तर जुळलं तरच बटण चालतं. आणि एक लक्षात ठेवा, चावी आपण होऊन कधी बोलत नाही. आधी कुणीतरी विचारावं लागतं."

मग ते चावीच्या कोपऱ्यातला सुईच्या टोकाएवढा लाल ठिपका दाखवत. उत्तर देताना तो लुकलुके.

इस्पितळानं आईच्या वस्तू एका पारदर्शक पिशवीत घालून दिल्या होत्या. चष्मा, घड्याळ, रुमाल, चावी. पिशवी मुलीच्या हातात होती आणि बाबा कागदांवर सह्या करत होते. चावी तिनं तिथंच, उभ्या उभ्या काढून घेतली. का, ते तिला सांगता आलं नसतं. पुढे बाबांनी दुकानातला तपासदिवा घरभर फिरवून चावी शोधली. तो दिवा गाडीसारखाच दबकत विचारतो, आणि जिवंत चावी जवळ असली की हिरवा होतो. तो आपल्या खोलीपर्यंत यायच्या आधी मुलीनं नखानं चावीचं पोट उघडलं आणि बटणासारखा चपटा सेल काढला. तो जाऊन बसला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यात. काटा कितीतरी दिवस बंद होता. तो चालू झालेला पाहून बाबा एवढंच म्हणाले, "अरे वा."

तेव्हापासून मुलीला एक गोष्ट कळत होती. आपण रडत नाही आहोत. दाढ काढताना सुई टोचतात, त्यानंतर गालाला बोट लावलं तर बोटाला गाल कळतो, गालाला बोट कळत नाही. तसं काहीतरी झालं होतं. लोक घरी येत, तिच्या डोक्यावरून हात फिरवत. हात कळे. पुढचं काही कळत नसे.

आता कंपासपेटीतली मुकी चावी गाडीशी बोलली होती, तर त्याला काहीतरी कारण असणार. मुलगी विज्ञानात हुशार होती. सेल नसलेली चावीसुद्धा बोलते, पण तिचं नाक थेट बटणाला टेकवावं लागतं. मग गाडीच तिला घोटभर वीज पाजते. मागच्या सीटवरून, दप्तरातून, पत्र्याच्या पेटीतून ते होत नाही. तरी खात्री करून घ्यावी म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं चावी घरीच ठेवली. लोकरी मोज्यात घालून, कपाटाच्या तळाशी.

बाबांनी दार उघडलं. सीट पुढे आली. सुप्रभात, चालक दोन.

बाबांनी बटण दाबून सीट मागे घेतली. मुलीनंही पट्टा लावला. म्हणजे चावी बोलत नव्हती. उत्तर दुसऱ्याच कुणाकडून जात होतं.

३

शनिवारी मावशी आली. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, बोलायला लागली की घराच्या भिंतीही खोकून जाग्या होतील अशी. दोन पिशव्या टेबलावर आपटून तिनं पहिल्यांदा खिडक्या उघडल्या.

"घुमे, किती वाळलीस. बोलत नाहीस ते नाहीस, आता खातही नाहीस का?"

"खाते."

"बघा, बोलली. एक शब्द बोलली. आज साखर वाटायला हवी." मग चहाचा कप पुढ्यात ओढून ती बाबांकडे वळली. "भावोजी, त्या गाडीचं काय ठरलं?"

"गिऱ्हाईक आहे. दंतवैद्य आहेत एक, दुसऱ्या गावचे. पुढच्या रविवारी येतो म्हणालेत."

"द्या मग, आणि मोकळे व्हा. दुकान चालत जाण्याएवढं जवळ, शाळा त्याच्या पुढं. ती होती तोवर गाडीला काम होतं. आता ती गाडी रोज दारात उभी बघायची म्हणजे..." मावशीनं वाक्य चहाबरोबर गिळलं.

"दोन्ही चाव्या द्याव्या लागतात," बाबा म्हणाले. "दुसरी सापडत नाही."

"किल्लीवाल्याच्या घरात किल्ली सापडेना. काखेत कळसा अन् गावाला वळसा." मावशी हसली. बाबाही, गालाचा एक कोपरा हलवून, हसले. मुलीनं कपात बघितलं. "मग? आता?"

"हजेरी घ्यावी लागेल."

"कुणाची?"

"चाव्यांची. धंद्यात तसं म्हणतो आम्ही. एकच चावी निवडून विसर, असं गाडीला सांगता येत नाही. आधी सगळ्या विसरायला लावायच्या. मग ज्या हजर असतील त्या आत ठेवून पुन्हा ओळख करून द्यायची. गैरहजर असेल ती गेली. ती पुढे कधी सापडली तरी गाडीच्या लेखी साधा दगड."

"मग घ्या हजेरी. त्यात काय एवढं?"

काट्यावर ठेवलेला कांदा उगाचच उचलून बाबांनी पुन्हा ठेवला. आकडे बदलले आणि तेच झाले.

कप रिकामा झाल्यावर मावशीला आठवलं की तिची छत्री गाडीत राहिलीय. बाबा तिला स्टेशनवरून घेऊन आले होते. ती बाबांची चावी घेऊन गेली आणि बराच वेळ परत आली नाही. मुलगी बघायला गेली.

गाडी घराशेजारच्या बोळात उभी असे, मागच्या कोऱ्या भिंतीला पाठ लावून. मावशी छत्री काखेत धरून दाराच्या मुठीवरचं बटण दाबत होती. दर खेपेला गाडी पिप् पिप् पिप् करी आणि कुलूप लागत नसे.

"तुझ्या बापाच्या गाडीला मी आवडत नाही बहुतेक. काय म्हणतेय ती?"

मुलीला माहीत होतं. चावी आत राहिली असेल तर गाडी बाहेरून कुलूप लावून घेत नाही. चावी चुकून आत कोंडली जाऊ नये, म्हणून.

"आत चावी आहे, असं म्हणतेय."

"अगं, चावी ही काय माझ्या हातात आहे." मावशीनं काचेला कपाळ टेकवून आत पाहिलं. तिचा श्वास काचेवर उमटला आणि विरला. ती लगेच मागे सरली. छत्री एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

"काय झालं?" मुलीनं विचारलं.

"काही नाही. स्पिरिटचा वास येतो अजून. बंद गाडीत वास राहतात." मग नेहमीपेक्षा खालच्या आवाजात ती म्हणाली, "चल आत. असू दे उघडी. कोण नेतंय?"

संध्याकाळच्या गाडीनं ती परत गेली, स्टेशनपर्यंत चालत.

४

सोमवारी बाबांनी सीट मागे घेतली, मुलगी आत बसली आणि बाबांना आठवलं की हत्यारांची पिशवी घरातच राहिली.

"आलोच," म्हणाले आणि गेले. चावी त्यांच्या खिशात, त्यांच्याबरोबर गेली. आईची चावी कपाटात, मोज्यात होती. मुलीनं मनातल्या मनात दोन्ही मोजल्या. गाडीत एकही चावी नव्हती. तिनं पट्टा ओढला होता, पण लावला नव्हता. त्याची लोखंडी जीभ तिच्या बोटांत होती.

बाहेर सकाळचं साधं ऊन होतं. भिंतीपलीकडे कुणीतरी बादली भरत होतं आणि पाण्याचा आवाज बादलीबरोबर वर चढत होता.

सीट घुर्र करत पुढे गेली.

मुलीला ती मागून दिसत होती. रिकामी सीट, रिकामीच राहून पुढे गेली आणि थांबली. आरसे झुकले. बटणाभोवतीची कडी, जी आत्तापर्यंत काळी होती, ती नारिंगी झाली.

कुठेतरी तार हलली असेल. दमट हवेत तारा बिघडतात, बाबा नेहमी म्हणतात. तिनं ते वाक्य दोनदा मनात म्हटलं. दुसऱ्या वेळी ते पहिल्यापेक्षा छोटं वाटलं.

मग खाली, दिसत नव्हतं तिथं, फुस्स असा एक लहान आवाज झाला. ब्रेकवर पाय ठेवला की होतो तो.

नारिंगी कडी हिरवी झाली.

मुलीनं हळूच मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं. मागची कोरी भिंत लाल झाली होती. ब्रेकचे दिवे लागले होते आणि लागलेलेच राहिले होते.

आणि गाडी सुरू झाली नाही.

ती का सुरू होत नाही, हे मुलीला कळलं. आईची सवय होती. ती बसायची, ब्रेक दाबायची, बोट बटणावर ठेवायची आणि थांबायची. मागे वळायचीसुद्धा नाही. विचारायची, पट्टा? मागून टक् असा आवाज आला की मगच बटण दाबायची. मुलगी पुस्तकात गुंग असली तर आई थांबून राही. कितीही उशीर झाला असो, ती घाई करत नसे. नुसती थांबे.

आता पट्ट्याची जीभ मुलीच्या बोटांत होती, आणि खाच तिच्या मांडीजवळ. मधे वीतभर जागा.

आई असेल, तर घाबरायचं कशाला? तिनं स्वतःला खरोखरच हा प्रश्न विचारला, परीक्षेत विचारतात तसा. उत्तरही चटकन आलं. आई मला शाळेत न्यायची. हे जे थांबलंय, ते कुठे नेणार आहे हे मला माहीत नाही.

तिनं जीभ घट्ट धरून ठेवली. पट्टा तिला मागे ओढत होता, तिनं त्याला जाऊही दिलं नाही. भिंत लाल होती. पलीकडची बादली भरली आणि नळ बंद झाला.

घराचं दार वाजलं. भिंत राखाडी झाली. बाबा पिशवी घेऊन आले, पुढे आलेली सीट त्यांनी पाहिली, मागे घेतली आणि बसले.

"पट्टा लाव," ते म्हणाले.

"चालत जाऊया आज?"

तिनं आपण होऊन काही मागितल्याला इतके दिवस झाले होते की बाबा पूर्ण मागे वळले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे. मग ते खाली उतरले, तिच्या बाजूचं दार उघडलं आणि दप्तर स्वतः घेतलं.

शाळेच्या फाटकाशी ते म्हणाले, "आज हजेरी घेऊन टाकतो. तू आल्यावर."

५

दुपारी गाडीची पुढची दोन्ही दारं सताड उघडी होती. बाबांनी दुकानातलं यंत्र आणलं होतं, वहीएवढ्या पडद्याचं, आणि त्याची वायर स्टिअरिंगखाली खोचली होती. पडद्यावर गाडीचं वरून काढलेलं चित्र होतं. गाडीत कुठे कुठे चावी ऐकू येते ते त्यात दिसे. बाबांची चावी त्यांच्या खिशात, म्हणून ड्रायव्हरच्या दाराबाहेर एक निळा ठिपका.

आणि ड्रायव्हरच्या सीटवर दुसरा.

"बघ. आहे ना," बाबा म्हणाले. त्यांनी सीटवर हात फिरवला. शिवणीत बोटं घातली. ठिपका जागचा हलला नाही. त्यांचा हात त्याच्यातून गेला, असं म्हणायला हवं.

"यंत्र चुकत असेल," मुलगी म्हणाली.

"चुकतं. लाटा काचेवर आपटतात, पत्र्यावरून परत येतात. भलतीकडेच ठिपका दाखवतात कधी कधी." बोलता बोलता ते थांबले.

ठिपका सरकला होता. ड्रायव्हरच्या सीटवरून मागे. मागच्या सीटवर, डाव्या खिडकीशी. तिथं तो स्थिर झाला. मुलगी त्या खिडकीच्या बाहेरच उभी होती. तिनं एक पाऊल मागे टाकलं. निळा ठिपका काचेच्या रेषेवर आला.

बाबांच्या कपाळावर एक माशी बसली, ती त्यांनी उडवली नाही.

मग त्यांनी यंत्र मांडीवर घेतलं आणि पडद्याकडेच बघत, दुकानात बोलत त्याहून हळू, म्हणाले, "आता मी विसर म्हणणार. नंतर माझी चावी आत ठेवणार. दुसरी हजर असेल तर तीही शेजारी ठेवता येईल. तिला सेल नसला तरी चालेल, बटणाला टेकवली की झालं. मग ती राहील. गाडी नाही विकली तरी माझं काही अडत नाही. दंतवैद्यांना नको म्हणून कळवेन."

मुलगी बघत राहिली. वजनकाटा. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"आहे का हजर?" बाबांनी विचारलं.

कपाट पन्नास पावलांवरही नव्हतं. जायचं, मोजा उलटा करायचा, यायचं. मग आईचं नाव गाडीत राहिलं असतं. सीट रोज पुढे आली असती. सुप्रभात म्हटलं गेलं असतं. आणि रोज, टक् होईपर्यंत, कुणीतरी थांबलं असतं.

तिनं खिडकीच्या काचेकडे पाहिलं. काचेत तिचाच चेहरा होता. काचेच्या आतल्या बाजूला, तोंडाच्या उंचीवर, वाफेचा एक गोल उमटला आणि विरला.

"नाही," मुलगी म्हणाली. "माझ्याकडे नाही."

बाबांनी मान हलवली. ते रागावले नाहीत. त्यांना सुटल्यासारखं वाटलं की काय, असं तिला एक क्षण वाटलं, आणि ते तिला दोघांसाठीही बरं वाटलं नाही.

त्यांनी बोट टेकवलं. गाडीचे सगळे दिवे एकदम लागले आणि विझले. निळे दोन्ही ठिपके गेले. मग बाबांनी आपली चावी आत ठेवली, यंत्रानं ती ओळखली आणि खाली अक्षरं आली : नोंदलेल्या चाव्या, एक.

कुलूप पहिल्या दाबाला लागलं.

६

त्यानंतर गाडी शहाण्या मुलीसारखी वागली. सीट मागे जाई. चालक एक. मुलगी पट्टा लावी, बाबा बटण दाबत. रविवारी दंतवैद्य आले. गोलमटोल माणूस, गाडीच्या पुढच्या जाळीकडे दात तपासावे तसा वाकून बघत होता. दोन विनोद करून, हात मिळवून गाडी घेऊन गेला. कोपऱ्यावर ब्रेकचे दिवे लागले. मुलीनं श्वास धरला. पण समोरून सायकल येत होती, ती गेली आणि गाडीही गेली.

रात्री मावशीचा फोन आला. "सुटलात गं बाई. आता तरी रड थोडी. मोकळं वाटेल."

"बरं," मुलगी म्हणाली. तिनं अंथरुणावर पडून प्रयत्न केला. जमलं नाही. गाल अजून बधिरच होता.

सोमवारी सकाळी दंतवैद्यांचा निरोप आला, तो बाबांनी तिला वाचून दाखवला. गाडी झकास आहे, घरी सगळे खूष, काहीही अडचण नाही. बाबा निरोप वाचून दारापाशी बूट घालायला गेले. आता दोघांनी चालत जायचं होतं.

मुलगी स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. पुढ्यात दुधाचा पेला आणि पावाचा अर्धा तुकडा. दप्तर पाठीवर चढवून झालं होतं. खोलीतून निघताना तिनं कपाटातली चावी मोज्यातून काढून आणली होती. आता लपवायचं कारण उरलं नव्हतं. बाबांना द्यावी, नाहीतर बाबा दुकानात मेलेल्या चाव्यांचा डबा ठेवत, त्यात टाकावी, असं तिच्या मनात होतं. चावी टेबलावर होती. साधा दगड.

लाल ठिपका लुकलुकला.

ऊन पडलं असेल. तिनं चावीवर तळहाताची सावली धरली. सावलीत ठिपका पुन्हा लुकलुकला, आणि तिच्या बोटांच्या कडा लाल दिसल्या. तिनं चावी उलटी केली, नखानं पोट उघडलं. आत सेलची गोल, रिकामी जागा. काटा समोर फळीवर होता, त्याच्यावर कांदा होता, आकडे दिसत होते. सेल तिथंच होता. गाडी दुसऱ्या गावात होती. तपासदिवा दुकानात, कुलपात.

उघड्या पोटाची चावी तिच्या तळहातावर लुकलुकली. थांबली. पुन्हा लुकलुकली.

चावी आपण होऊन कधी बोलत नाही. आधी कुणीतरी विचारावं लागतं. आणि तो आवाज हातभरच पोचतो.

मुलीनं चावी टेबलावर ठेवली आणि मग, कारण दुसरीकडे बघण्यासारखं काही नव्हतं, समोर पाहिलं. समोरची खुर्ची आईची होती. हिवाळाभर ती भिंतीशी सरकवलेली होती, कारण बाबांचे पाय तिला अडत. आता ती टेबलाशी होती. पुढे, टेबलाच्या कडेला अगदी भिडवून ओढलेली, एखाद्या बुटक्या माणसाला लागते तितकी.

कपाळापासून खाली बधिरपणा उतरत गेला आणि गालाला पहिल्यांदा कळलं की तो गाल आहे. तो ओला होता. आतून गार होता.

"झालं का गं?" दारातून बाबांनी हाक मारली. "निघू या?"

"आले," मुलगी म्हणाली.

पण ती उठली नाही. दप्तराच्या पट्ट्याचं बक्कल अजून लावायचं होतं. त्याचे दोन तुकडे तिच्या दोन हातांत होते, छातीपाशी, मधे वीतभर जागा ठेवून. बाबा बाहेर उभे होते आणि घाई करत होते. समोर जे होतं, त्याला कसलीच घाई नव्हती.